तसाच हवा

पहाटे पावणेपाच, रोहा

काळा शर्ट, काळी पँट. रोजचा गणवेश हाच. स्टॉप-मोशनच्या कॅमेऱ्यासमोर रंगीत कपडा चालत नाही. एका फ्रेमला मी बाहुल्याच्या जवळ असतो, पुढच्या फ्रेमला लांब, आणि शर्टाची झाक त्याच्यावर पडली की पडद्यावर त्याचं अंग उगाच लुकलुकतं. आषाढात रोज पहाटे काळ्या कपड्यांत बाहेर पडणाऱ्या माणसाविषयी आळीत काय बोलतात ते माझ्या कानावर आलेलं आहे.

पिशवीत डबा, हार्ड डिस्क आणि पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात उंदराचे कान. रात्री घरी बसून केलेले. तेलमाती बोटांच्या उबेने मऊ पडते, कानाची कड बसते, म्हणून नवे कान सतत लागतात.

दिव्याला जाणारी पहाटेची गाडी इथूनच सुटते. कोकण रेल्वे रोह्यापासून दक्षिणेला सुरू होते. माझं काम उलट्या दिशेला. निडी, नागोठणे, कासू, पेण. रस्त्यानेही जाता येतं, पण मुंबई-गोवा महामार्ग २०११ सालापासून रुंद होतो आहे आणि पावसाळ्यात त्याच्यावर वेळ सांगून कुणी निघत नाही. मला वेळ पाळावी लागते. का, ते पेणला पोचल्यावर सांगतो.

आधी कामाबद्दल. रोह्यातल्या एका मंडळासाठी अडीच मिनिटांचा गणपतीचा चित्रपट करतो आहे. मंडळाचा हलता देखावा असतो. आजवर तो मोटर, पुली आणि सायकलच्या चेनवर हलला: राक्षसाचा हात वर-खाली, देवीची मान डावी-उजवी, आणि चौथ्या दिवशी हमखास जळणारी मोटर. यंदा त्यांनी पडदा लावायचं ठरवलं. गोष्ट साधी आहे. मूर्तीच्या पाटावरून निखळलेला एक उंदीर कारखान्यात मागे राहतो आणि रात्रभर रांगेतल्या गणपतींमधून आपला गणपती शोधत फिरतो. अडीच मिनिटं म्हणजे दीडशे सेकंद, सेकंदाला चोवीस फ्रेम, एकूण ३६००. प्रत्येक हालचाल दोन-दोन फ्रेम धरून ठेवली तरी उंदराला १८०० वेळा हात लावायचा आहे.

साडेसहा, पेण

माझं चित्रण चालतं तो कारखाना गावातल्या एका आळीत आहे. पेणला गणपतीच्या कारखान्याला कारखानाच म्हणतात, चित्रशाळा हा शब्द पाटीवर असतो. गावात देवधर घराण्याने या धंद्याचा पाया घातला आणि मग तो हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे अशा आसपासच्या गावांत पसरला. आता घरटी कुणी ना कुणी मूर्तीला हात लावतं. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात, म्हणून त्या उन्हाळ्यातच रवाना होतात. आषाढात उरतात त्या मुंबई-पुण्याच्या आणि घरगुती.

शेटनी मला वरच्या मजल्यावरचा कोपरा दिला आहे. भाडं घेत नाहीत. अट एकच घातली: गणपती हलवायचा नाही. मला वाटलं, मूर्ती फुटेल याची भीती. तसं नव्हतं. "उत्तरपूजा झाली की मूर्ती जागेवरून जरा सरकवतात," ते म्हणाले, "म्हणजे निरोप झाला. तू त्याला पडद्यावर दहा दिवस हलवत ठेवणार, मग आमचा बाप्पा बसला कधी आणि उठला कधी?" वाद घालण्याजोगं यात काहीच नव्हतं. माझ्या चित्रपटात गणपतीचा कानसुद्धा हलत नाही. हलतो तो उंदीर. चित्रपट त्यामुळे बरा झाला असं माझं मत आहे. रांगेने बसलेल्या स्तब्ध मूर्तींसमोर तो एवढासा जीव खरोखर धावतो आहे असं वाटतं.

सात ते साडेदहा

वेळ पाळायची ती यासाठी. साडेदहाला खाली स्प्रे गनचा कॉम्प्रेसर सुरू होतो. तो सुरू झाला की विजेचा दाब पडतो, माझे दिवे केसभर मंद होतात, टाकी भरली की पुन्हा उजळतात. डोळ्याला हे कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं, आणि सलग फ्रेम चालवल्या की सेटवर वीज कडाडल्यासारखं दिसतं. स्टॅबिलायझर आहे. तो अर्धं काम करतो.

म्हणून खिडक्यांना काळा कागद, दिवे लावून पंधरा मिनिटं तापू द्यायचे, आणि मग सुरुवात. कॅमेरा तिवईवर, तिवईचे पाय फरशीला चिकटपट्टीने बांधलेले. उंदीर वीतभरही नाही. आत अ‍ॅल्युमिनियमची पिळलेली तार, वर तेलमाती, मिशांना रंगकामाच्या ब्रशचे केस, पायाच्या तळव्यात बारीक नट. सेटच्या फळीला भोकं आहेत. पाय टेकला की खालून स्क्रू आवळायचा. हे केलं नाही तर उंदीर एका पायावर उभाच राहत नाही, आणि एका पायावर उभं राहता आलं नाही तर चालणं कसलं.

शाडूचा उंदीर का नाही, हे मला कारखान्यातल्या प्रत्येकाने विचारून झालं आहे. शाडू वाळते. सकाळी मऊ असलेली शेपूट दुपारी तडकते. मूर्तीला तिचं वाळणं हवं असतं, मला नको असतं. पण जमीन, पाट, गणपती, मागची साच्यांची भिंत हे सगळं खऱ्या शाडूचं आणि खऱ्या कारखान्याचं. भावनगरकडून गोणीत येणाऱ्या या मातीचा रंग दिव्याखाली जसा येतो तसा कुठल्याही रंगाच्या डबीतून येत नाही.

आजचा तुकडा असा: उंदीर एका मूर्तीच्या पावलापाशी येतो, वर बघतो, हा आपला नाही हे त्याला कळतं. चालणं सोपं आहे. "कळणं" करायचं म्हणजे डोकेदुखी. स्क्रीनवर मागची फ्रेम धूसर दिसत राहते, तिच्यावरून अंदाज घेत डोकं किती वळवायचं ते ठरतं. पापणी नाही, भुवई नाही. डोळे म्हणजे दोन काळे मणी. त्यांच्या भोकात टाचणी घालून फिरवायचे.

यात मला शिकवलं ते आखणी करणाऱ्या काकांनी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साचा कुणीही दाबेल, रंग बरेच जण देतात, आखणीला कारखान्यात एक किंवा दोनच हात असतात. काका सुरुवातीला एकदा वर आले, शॉट पाहिला आणि म्हणाले, "हा आधी मान वळवतो आणि मग बघतो. माणूस आधी बघतो." एवढं बोलून खाली गेले. बाहुलीपटांच्या पुस्तकांत हेच लिहिलेलं असतं: आधी नजर, मग डोकं, मग अंग. पण पुस्तकात ते नियम म्हणून येतं. काकांना ते समोर बसणाऱ्या माणसावरून ठाऊक आहे. पाटासमोर बसून वर पाहणाऱ्याला गणपती आपल्याकडेच बघतो असं वाटलं पाहिजे. डोळ्यातली बाहुली दोऱ्याएवढी वर गेली तर मूर्ती छताकडे बघते आणि गिऱ्हाईक काय बिघडलं ते न सांगता दुसरी मूर्ती निवडतं.

साडेदहापर्यंत दोन सेकंद झाली. चांगली सकाळ.

साडेदहा ते एक

कॉम्प्रेसर सुरू. मी खाली जातो, नुसता बसलो तर मूर्तीकाम करणाऱ्या मावश्या काम लावतात म्हणून आधीच ब्रश हातात घेतो.

मळलेल्या शाडूची पोळी लाटून साच्याच्या दोन अर्धांत दाबतात, कडेला पातळ राबडा लावून साचा मिटतात, मग उघडून पाण्याच्या ब्रशने सांधा पुसतात. हात निराळ्या साच्यातले, सोंड कधी निराळी, मुकुट निराळा. फळ्यांवर नुसते हात ओळीने वाळत असतात: आशीर्वादाचे, मोदकाचे, परशूचे. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हेन्री सेलिकचा 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' आठवला. १९९३ सालचा. त्यातल्या जॅक नावाच्या सांगाड्याची चारशेहून अधिक डोकी केली होती. भाव बदलायचा की डोकं उपटून दुसरं बसवायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या स्टुडिओतल्या फळ्या आणि या फळ्या यांत फरक एवढाच की तिथे चारशे डोकी मिळून एक जॅक होतो आणि इथे चारशे हातांचे शंभर गणपती.

प्लास्टरचं कामही या कारखान्यात होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्लास्टरच्या मूर्तींना बंदी घालणारी मे २०२० ची नियमावली आली तेव्हापासून या धंद्याची झोप उडालेली आहे. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनवण्यावरची आडकाठी काढली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची मुभा तेव्हा दिली नाही. शेट यावर तासभर बोलू शकतात. मी त्यांना ऐकत सांधे पुसतो.

मग पाट यायला लागतात. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: कोकणात पुष्कळ घरं आपला पाट कारखान्यात आणून देतात, त्याच पाटावर मूर्ती घडते किंवा बसते आणि त्याच पाटावरून डोक्यावर घेऊन घरी नेतात. पाटाच्या पाठीवर खडूने आडनाव, गाव. आज सकाळी आलेल्या गृहस्थांनी मोबाईलवर गेल्या वर्षीचा फोटो दाखवला. लालसर सोवळं, उजव्या मांडीवर शेल्याचं टोक. "तसाच हवा," म्हणाले. मावशीने फोटो बघितलाही नाही. वहीत त्यांचं नाव काढलं, पुढे साच्याचा नंबर होता आणि त्यापुढे रंगाची खूण. त्यांच्या वडिलांच्या वेळचीच असावी ती.

मला या कामातलं सगळ्यात नवलाचं हे वाटतं. नवीन काही आणा, मोठं आणा, दिव्यांचं आणा, असं आपल्या सणाबद्दल सगळे बोलत असतात. आणि घरातल्या मूर्तीपाशी आलं की तेच लोक हात जोडून सांगतात, तसाच हवा.

एक ते दोन

कारखान्याची जेवणाची सुट्टी. कॉम्प्रेसर बंद, म्हणून माझी नाही. सकाळच्या शॉटचं शेपूट याच तासात पुरं होतं. आज उंदीर मागे फिरला. शेपटी दिशा बदलताना डोक्याच्या दोन फ्रेम मागे राहिली पाहिजे, राहिली.

दोन ते साडेतीन

आता माझं जेवण. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी, गार. शेजारच्या मावशींनी पोह्याचा भाजलेला पापड ठेवला. पेणमध्ये पापडाला नाही म्हणायची सोय नसते.

जेवता जेवता पोरांना 'रुडॉल्फ' दाखवतो. रंगकामाला सुट्टीत येणारी कॉलेजची पोरं आहेत, त्यांना मी नक्की काय करतो याचा पत्ता लागत नव्हता. 'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर' हा नाताळचा स्टॉप-मोशनपट ६ डिसेंबर १९६४ ला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर लागला. लाल नाकाचं हरणाचं पिल्लू, बाकीची हरणं त्याला हसतात, मग धुक्यात तेच नाक सांताक्लॉजच्या गाडीला दिवा होतं. निर्माते रँकिन आणि बास न्यूयॉर्कचे, आवाज टोरांटोत ध्वनिमुद्रित झालेले, आणि बाहुल्या हलवल्या टोकियोत, तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत. मोचिनागा युद्धाच्या काळात मांचुरियात होते, नंतर शांघायला. चिनी बाहुलीपटाची सुरुवात करून देणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. हरीण चालतं कसं ते पाहायला ते नाराच्या हरणांच्या उद्यानात गेले होते. उंदीर चालतो कसा हे पाहायला मला कारखान्याबाहेर जावं लागलं नाही.

पडद्यावर कुठेही जपान दिसत नाही. नाताळ हा ज्यांच्या घरचा सण नाही अशा कारागिरांनी तो सण लाकूड, तार आणि कापडातून घडवला आणि अमेरिकेतल्या पिढ्यांना नाताळ म्हटलं की तोच आठवू लागला. आमच्या पोरांना यात काही विशेष वाटलं नाही. मॉरिशसला जाणारे गणपती त्यांनी खोक्यांत भरलेले आहेत.

त्यांना विशेष वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हा चित्रपट १९६४ पासून दर वर्षी दूरदर्शनवर लागतो, एकही वर्ष न चुकता. आधी एनबीसी, १९७२ पासून सीबीएस, २०२४ ला परत एनबीसी. "दर वर्षी तोच?" एकाने विचारलं. तोच. त्यातल्या चुकांसकट. शीर्षकात सालाचे रोमन आकडे टाकताना एक अक्षर राहिलं आणि १९६४ ऐवजी ११६४ झालं. तेही दर वर्षी तसंच लागतं.

आणि बाहुल्या? काम झालं, त्यांची किंमत संपली. काही बाहुल्या कंपनीतल्या एका सेक्रेटरीबाईंकडे गेल्या, त्यांच्याकडून नातेवाइकांकडे. नाताळच्या झाडाखाली मांडल्या गेल्या, मुलांच्या हातात पडल्या, माळ्यावर गेल्या. त्यांतल्या दोनच उरल्या, रुडॉल्फ आणि सांता. त्यांची डागडुजी झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ती जोडी लिलावात ३ लाख ६८ हजार डॉलरला गेली. आता अटलांटाच्या बाहुलीकलेच्या संग्रहालयात आहे.

आकडा ऐकून पोरं गप्प झाली. काका भिंतीला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे त्यांनी विसर्जन करायचं सोडून दिलं म्हणून अडचण झाली." सगळे हसले. मला वाटतं, बाहुलीपटाच्या वारशाबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं नाही. आमच्याकडे मूर्ती पाण्यात जाते, वाईट कुणाला वाटत नाही असं नाही, पण साचा भिंतीवर असतो. तिकडे साचा म्हणजे ती फिल्म. बाहुल्या माळ्यावर कुजल्या तरी रुडॉल्फला काही झालं नाही. लिलावाची ती रक्कम मला उगीचच वाटते, हे मी पोरांना सांगितलं नाही. डोळे चमकले होते त्यांचे.

साडेतीन ते पाच

वीज गेली. कॉम्प्रेसर आणि मी, दोघेही थंड. या वेळात दुरुस्त्या: उजव्या मागच्या पायातली तार थकली आहे. वाकवून वाकवून तार मोडते, आणि ती शॉटच्या मधोमध मोडते. मोडायच्या आधी बदलायची. माती सोलायची, नवी तार पिळायची, माती चढवायची, जुन्या फोटोशी ताडून पाहायची. म्हणजे माझंही तसाच हवा.

पोरांपैकी एकीने विचारलं की आपल्याकडे हे कुणी आधी केलंय का. दादासाहेब फाळक्यांनी. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ ला आला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावून समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर रोज थोडी थोडी फिल्म घेतली. 'अंकुराची वाढ'. मिनिटभरात बियाण्याचा वेल होतो. ते दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. पुढे आगकाड्या नाचवणारा 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपटही केला, तो तर सरळ स्टॉप-मोशन. म्हणजे मराठी माणसाच्या हातून पूर्ण लांबीचा पहिला कथापट पडायच्या आधी एक-एक फ्रेम मोजणं सुरू झालेलं होतं. हल्लीचं सांगायचं तर मुंबईत सुरेश इरियत यांच्या स्टुडिओ ईकसॉरसने 'टोकरी' केला, आणि दख्खनी मेंढीच्या लोकरीवरचा त्यांचा 'देसी ऊन' २०२५ ला फ्रान्समधल्या आनसीच्या महोत्सवात पुरस्कार घेऊन आला. मेंढ्या, माणसं, माळ, सगळं खऱ्या लोकरीचं. ज्याची गोष्ट त्याचंच बाहुलं. त्याच हट्टाने मी शाडूचा सेट लावला आहे.

पण सणाचा चित्रपट, दर वर्षी तोच बघायचा असा, आपल्याकडे बाहुल्यांत कुणी रुजवलेला नाही. चतुर्थीच्या रात्री आरती झाल्यावर घराघरांत लागणारी अडीच मिनिटं, किंवा पंचवीस. मला ती हवी आहे. हे कुणाला सांगायचं तर छाती फुगवल्यासारखं वाटतं.

पाच ते साडेसहा

वीज आली. शेटना आज रंगाचे दोन हात बाकी, कॉम्प्रेसर चालूच राहणार. आजचं चित्रण संपलं. दिवसाची चार सेकंदं होऊ शकली असती, तीन झाली. फ्रेम दोन डिस्कवर उतरवल्या, उंदराला डब्यात झोपवलं, सेटवर जुनी साडी टाकली. रात्री घुशी फिरतात, आणि त्यांना तेलमाती आवडते.

आठ, रोहा

परतीच्या गाडीने स्टेशन, तिथून थेट मंडळाची बैठक. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या या गावात मंडळाची बैठक वेळेवर सुरू होत नाही, पण चहा वेळेवर येतो. आतापर्यंतचे तुकडे जोडून लॅपटॉपवर दाखवले. अजून आवाज नाही, रंग दुरुस्त नाहीत. उंदीर चालला, थांबला, वर पाहिलं, मागे फिरला. खुर्च्यांच्या मागून बघणाऱ्या लहान मुलांनी तीनदा लावायला लावलं. सेक्रेटरी म्हणाले, "आमच्या मोटरपेक्षा बरं आहे. जळणार तरी नाही."

मग पडदा किती मोठा, मांडवात कुठे, पाऊस आडवा आला तर प्रोजेक्टरवर काय, जनरेटर कुणाचा. जनरेटरवर अर्धा तास गेला. आरतीनंतर दर अर्ध्या तासाने एकदा दाखवायचं ठरलं. उठता उठता खजिनदारांनी विचारलं, "पुढच्या वर्षीचा विषय काय घेताय? आधी कळवा, खर्च धरायला."

"हाच," मी म्हटलं. "दर वर्षी हाच लावायचा."

"मागच्या वर्षीचा देखावा परत? लोक काय म्हणतील?"

"तुमच्या घरचा गणपती कुठला?"

"पेणचाच. आजोबांपासून."

"दर वर्षी वेगळा आणता?"

खजिनदार थांबले. "ते घरातलं झालं, दादा," ते म्हणाले. "हाच लावला तर वर्गणी कशाची मागायची?"

सेक्रेटरी त्यांच्या बाजूने बोलले, मुलांच्या बाजूने कुणी बोललं नाही, आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

साडेदहा

जेवण झालं. उद्याचा शॉट: उंदीर रिकाम्या पाटापाशी पोचतो. त्याला अर्धवट मिटलेले कान लागतील, चार जोड्या. तेलमाती फ्रिजमधून काढून ठेवली.